गाडीआधी फरशी बघा

वाचकांचे प्रश्न : रिमोटवरच्या ड्रिफ्ट गाड्या

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. रविवारी मशिनं बंद असतात. मग मधली जागा झाडून घेऊन आम्ही पाच-सात जण तिथं आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, गाड्या घसरवतो. घसरवतो म्हणजे मुद्दाम, ताब्यात ठेवून, वळणावर आडवी करून नेतो. ड्रिफ्ट म्हणतात ते हेच. मागच्या अंकात त्याचा ओझरता उल्लेख केला आणि या महिन्याची जवळजवळ सगळी पत्रं त्यावरच आली. त्यातली पाच इथं घेतली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथं पैसे वाया जाण्याची भीती जास्त आहे.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. वाढदिवसाला त्याला ड्रिफ्टची गाडी हवी आहे. ऑनलाइन बघितलं तर दीड हजारापासून चाळीस हजारांपर्यंत सगळ्यांवर "ड्रिफ्ट" असंच लिहिलेलं. माझी तयारी दहा हजारांची आहे. कुठली घेऊ? (एक आई, चिंचवड)

ताई, पत्रात तुम्ही मुलाचं वय दिलंत, पैसे दिलेत, पण गाडी कुठं चालणार ते लिहिलं नाहीत. मी सगळ्यांना आधी तेच विचारतो. ड्रिफ्टची गाडी विकत घेताना निम्मा निर्णय फरशी घेते. टायर आणि फरशी यांच्यात किती पकड आहे यावर हा सगळा खेळ चालतो. मोझॅकवर लोण्यासारखी सरकणारी गाडी पेव्हर ब्लॉकवर ठेवली, तर दोन ठोकळ्यांच्या फटीत चाक अडकून जागीच उलटते.

चिंचवडला फ्लॅट असेल असं धरून चालतो. म्हणजे हॉलमध्ये गुळगुळीत टाइल, खाली पार्किंगला पेव्हर ब्लॉक किंवा खरबरीत काँक्रीट, आणि वर गच्ची, तीही बहुधा वॉटरप्रूफिंगच्या खडबडीत थराची. यातली कामाची जागा एकच, तुमचा हॉल. सोफा भिंतीला सरकवला की दोन-अडीच मीटरचा चौकोन मोकळा होतो. तेवढ्या जागेत १/२८ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठ्ठाविसाव्या भागाएवढी, गाडी मजेत फिरते. ही गाडी जेमतेम वीतभर लांब असते. मोठी म्हणजे १/१० मापाची गाडी जवळजवळ हातभर लांब भरते, वजन सव्वा-दीड किलो. तिला निदान पाच बाय चार मीटर जागा लागते, नाहीतर ती टीपॉयच्या पायांवर आपटत राहील.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर १/२८ मापाची, चारही चाकांना ताकद देणारी गाडी. या मापात डब्ल्यूएलटॉइज कंपनीची के९६९ बऱ्याच जणांची पहिली गाडी असते. ७.४ व्होल्ट, ४०० एमएएचची छोटी बॅटरी, आत खरा सर्व्हो (पुढची चाकं हवी तेवढी वळवणारी छोटी मोटर), आणि मोडलेला भाग सुटा मिळतो. क्योशो या जपानी कंपनीची मिनी-झी एडब्ल्यूडी तिच्याहून कितीतरी नेमकी चालते, बॉडीही देखण्या असतात, पण दहा हजारांत ती टायर-बॅटरीसकट बसवणं अवघड आहे. दहा हजारांत १/१० मापाचा पूर्ण संच देतो असं कुणी म्हणालं तर त्यात काहीतरी कमी असणार. बहुतेक वेळा चार्जर हलका असतो आणि रिमोट खेळण्यातला.

दीड हजाराच्या गाडीबद्दल थोडं सविस्तर सांगतो. माझी पहिली गाडी तसलीच होती. खोक्यावर धुराचे लोट, आडवी गाडी, मोठ्या अक्षरात ड्रिफ्ट. घरी आणून बटण दाबलं की ती पूर्ण वेगानं पळायची आणि सोडलं की थांबायची. अधलंमधलं काही नाही. स्टेअरिंगही तसंच, एक तर सरळ, नाहीतर पूर्ण डावीकडे. ड्रिफ्टमध्ये बोट थ्रॉटलवर, म्हणजे वेगाच्या ट्रिगरवर, केसभर मागेपुढे करत राहायचं असतं. जिथं "थोडं" हा प्रकारच नाही, तिथं शिकायचं काय? मी आठ दिवसांत कंटाळलो आणि हा छंद आपला नाही असं ठरवून टाकलं. पुढं तीन वर्षं मी आरसी गाडीकडे पाहिलंही नाही, त्याची रुखरुख अजून वाटते. तुमच्या मुलाचं तसं होऊ नये म्हणून दुकानदाराला एक प्रश्न विचारा, "थ्रॉटल आणि स्टेअरिंग दोन्ही प्रपोर्शनल आहेत का?" म्हणजे बोट जेवढं दाबलं तेवढीच गाडी हलते का. शक्य असेल तर तिथंच ट्रिगर हळूहळू दाबून चाकं हळूहळू फिरायला लागतात का ते बघा. लगेच कळेल.

दुसरी चाचणी सुट्या भागांची. गाडीचं नाव पक्कं झालं की पैसे देण्याआधी तीन वस्तू शोधा : पुढच्या चाकाचा आर्म (चाकाला गाडीशी जोडणारी दांडी), सर्व्हो आणि गिअर. तिन्ही भारतातल्या दुकानात शिल्लक दिसल्या तरच गाडी घ्या. पुढचा आर्म भिंतीला धडकून मोडणारच आहे. मुलगा निष्काळजी आहे म्हणून नव्हे, शिकताना तो मोडतोच. चाळीस-पन्नास रुपयांच्या प्लास्टिकसाठी दीड महिना परदेशी पार्सलची वाट बघण्यात मुलांचा सगळा उत्साह संपतो.

उरलेल्या पैशांत गुळगुळीत प्लास्टिकच्या ड्रिफ्ट टायरचा जादा संच आणि एक जादा बॅटरी घ्या. छोट्या बॅटरीवर दहा-बारा मिनिटंच खेळ होतो, आणि तेरा वर्षांच्या मुलाला चार्ज होईपर्यंत गप्प बसवणं तुम्हालाच जड जाईल.

चार्जिंग मात्र तुमच्या डोळ्यांसमोर. या लिथियम बॅटऱ्या मोबाइलच्या बॅटरीसारख्या शहाण्या नसतात, बहुतेकांच्या आत सांभाळणारं सर्किट नसतं. पलंगावर, गादीवर, पेपरांच्या गठ्ठ्यावर चार्ज करू नका. फरशीवर ठेवा, घरात कुणी जागं असतानाच लावा, फुगलेली दिसली तर चार्जरला परत कधीच जोडू नका.

वय २४, नोकरी करतो. वडिलांच्या गोदामात ट्रिमिक्सची (मशीननं घोटलेल्या काँक्रीटची) गुळगुळीत फरशी आहे, संध्याकाळी रिकामी असते. बजेट पस्तीस-चाळीस हजार. तामियाची टीटी-०२डी घेऊ की मागच्या चाकांवर चालणारी एमएसटीची आरएमएक्स? मित्र म्हणतो, जायरो लावून गाडी चालवणं म्हणजे फसवणूक, आधी जायरोशिवाय शिक. (एक वाचक, नांदेड)

तुमच्याकडे ट्रिमिक्सची फरशी आहे हे वाचून मला हेवा वाटला. पुण्या-मुंबईतली मुलं अशा फरशीवर तासभर चालवायला हॉल भाड्यानं घेतात.

आधी मित्राच्या मुद्द्याचं बघू, कारण हा प्रश्न मला दर रविवारी कुणीतरी विचारतं. जायरो म्हणजे काडेपेटीहून लहान डबी. गाडी स्वतःभोवती किती वेगानं वळते आहे ते ती मोजते आणि तेवढ्या प्रमाणात पुढची चाकं उलट दिशेला वळवते. मित्राला वाटतं, हे काम माणसानं करायला हवं. पण खऱ्या गाडीत काय होतं? मागचा भाग सुटला की पुढची चाकं आपोआप गाडीच्या जाण्याच्या दिशेकडे वळायला बघतात. चाक ज्या खुंटीवर वळतं त्या किंगपिनला जो तिरकेपणा दिलेला असतो, कॅस्टर म्हणतात त्याला, त्यामुळे हे घडतं. ड्रिफ्ट करणारे चालक त्या क्षणी स्टेअरिंग तळव्यातून सैल फिरू देतात आणि मग हव्या जागी पकडतात. आरसी गाडीत पुढच्या चाकांना सर्व्होनं घट्ट धरून ठेवलेलं असतं, त्यांना स्वतःहून वळायची मोकळीक नसते. शिवाय खऱ्या चालकाला घसरण सीटमधून, कमरेला कळते. आपण दहा फूट लांब उभे असतो. डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत एवढीशी गाडी गर्रकन फिरून मोकळी झालेली असते. सर्व्होनं जे काढून घेतलं तेच जायरो परत देतो. यात फसवणूक कसली? मागच्या चाकांवर चालणाऱ्या आरसी ड्रिफ्ट गाड्या आज सगळीकडे जायरोवरच चालतात, स्पर्धांमध्येसुद्धा.

आता दोन गाड्या. तामियाची टीटी-०२डी चारही चाकांवर चालते. मध्ये एक लांब शाफ्ट, पुढे-मागे डिफ (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर). ती किट म्हणून येते, म्हणजे खोक्यातून सुटे भाग निघतात आणि तुम्ही स्वतः जोडायची. तामियाची जोडणीची पुस्तिका इतकी सुरेख असते की अक्षर न वाचता चित्रांवरून गाडी उभी राहते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या आयटीआयच्या पोरांना मी ती मुद्दाम चाळायला देतो. या चॅसिसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २५७ मिमी. खऱ्या टोयोटा ८६ गाडीचा २५७० मिमी. बरोबर दहावा भाग! अशी गोष्ट हातात घेऊन मोजली की मला अजून आनंद होतो.

पण तिच्यात पुढची चाकं गाडीला ओढत असतात आणि फार वळतही नाहीत. त्यामुळे गाडी घसरते छान, पण खूप आडवी होत नाही. चुकलं तर पुढची चाकं ओढून सरळ करतात. सोपं आहे, माफ करणारं आहे. खडबडीत गच्ची किंवा डांबर एवढीच जागा असलेल्याला मी हीच सांगितली असती.

तुमच्याकडे गुळगुळीत काँक्रीट आहे आणि पैसेही आहेत, म्हणून मी मागच्या चाकांवर चालणारी गाडी घ्या म्हणतो. चार चाकांच्या गाडीत पुढची चाकं ओढून सावरतील या भरवशावर थ्रॉटल दाबायची सवय लागते. तीच सवय मागच्या चाकांच्या गाडीत गाडी फिरवून टाकते. आमच्यातल्या दोघांना ती मोडायला चार-चार महिने गेले. एमएसटी ही तैवानची कंपनी. तिच्या आरएमएक्स मालिकेत जोडून तयार गाड्या मिळतात आणि पुढची चाकं भरपूर वळतात. जपानच्या योकोमोचीही आरडी नावाची नवशिक्यांसाठीची मालिका आहे, ती मिळाली तरी डोळे झाकून घ्या. तयार गाडी घेताना खोक्यावरची यादी नीट वाचा : रिमोट आहे का, जायरो आहे का, बॅटरी आणि चार्जर धरलेत का. बहुतेक वेळा शेवटचे दोन धरलेले नसतात. तुमच्या बजेटमधले निदान सात-आठ हजार त्यासाठी बाजूला काढून मगच गाडीची किंमत बघा.

मोटर साधी ५४० मापाची ब्रश्ड (आत कार्बनचे ब्रश असलेली) चालेल. नवीन माणूस जोरदार ब्रशलेस मोटरच्या मागे लागतो, पण प्लास्टिकच्या टायरवर ती ताकद जमिनीला पोचतच नाही. ड्रिफ्ट हा हळू चालवायचा प्रकार आहे. रिमोटवर थ्रॉटलची कमाल मर्यादा ६०-७० टक्क्यांवर आणून ठेवा आणि महिनाभर तिला हात लावू नका.

गाडी आली की जमिनीवर सोडण्याआधी एवढं करा. रिमोट आणि गाडी चालू करा, गाडी हातात धरा आणि तिचं नाक झटकन डावीकडे फिरवा. पुढची चाकं उजवीकडे वळली पाहिजेत, म्हणजे आधी जिकडे बघत होती तिकडेच बघत राहायला हवीत. डावीकडेच वळली तर जायरो उलटा लागलाय. त्यावरचं दिशेचं बटण किंवा सेटिंग बदला. एका मुलानं पंधरा दिवस गाडी उलट्या जायरोवर चालवली. थ्रॉटल दिला की गाडी भोवऱ्यासारखी फिरायची. गाडी खराब निघाली म्हणून तो ती निम्म्या किमतीत विकायला माझ्याकडे घेऊन आला होता. बटण बदललं आणि दहा मिनिटांत तो पिंपाभोवती गोल मारायला लागला.

जायरोचा गेन, म्हणजे तो चाकं किती जोरानं उलट वळवतो ते, हळूहळू वाढवत न्या. सरळ जाताना पुढची चाकं थरथरायला लागली की गेन जास्त झाला, थोडा मागे घ्या. बस, पहिल्या दिवशी एवढंच. कॅम्बर, टो (चाकांचे कोन), स्प्रिंग यांच्याकडे तीन महिने बघू नका. सुरुवातीला चूक बोटात असते आणि माणूस स्क्रू पिळत बसतो.

आणि गोदाम रोज झाडा. काँक्रीटची बारीक पूड टायरखाली आली की एकाच वळणावर दोनदा दोन तऱ्हांनी गाडी घसरते आणि शिकलेलं सगळं खोटं वाटायला लागतं.

मी नववीत आहे. दादाकडे १/१० ची चार चाकांची आरसी गाडी आहे, रबरी टायरची. आमच्या लूमच्या शेडमध्ये शहाबादी फरशीवर मी ड्रिफ्ट करायला जाते तर ती घसरतच नाही, उलटीच होते. नवीन गाडीला पैसे नाहीत. काही करता येईल का? (एक विद्यार्थिनी, इचलकरंजी)

येईल, आणि तुझं पत्र मला सगळ्यांत आवडलं. तुला नवीन गाडी नको आहे. तुला हवा आहे हातभर पीव्हीसी पाइप.

रबर फरशीला धरून ठेवतं. वळताना गाडीचं वजन बाहेरच्या बाजूला जातं, टायर सुटत नाही, मग गाडीच कलंडते. टायर सुटायला हवा असेल तर त्यावर कडक, गुळगुळीत कवच चढवायचं. जगभरातल्या ड्रिफ्टवाल्यांनी विकतचे टायर यायच्या आधी हेच केलं आणि कित्येक जण अजून करतात.

दादाच्या गाडीच्या टायरचा बाहेरचा व्यास मोज. अशा गाड्यांचा तो साधारण ६२ ते ६५ मिमी असतो आणि रुंदी २६ मिमी. आपल्याकडे शेतात पाण्याला वापरतात तो ६३ मिमीचा पाइप घे. प्लंबरकडे किंवा पाइपच्या दुकानात वीतभर तुकडे पडून असतात, मागितले तर असेच देतात. पातळ जातीचा घे, जाड घेतलास तर आतला व्यास कमी पडेल आणि टायर आत जाणार नाही. त्याच्या २६-२६ मिमीच्या चार रिंगा काप. इचलकरंजीत लेथ गल्लोगल्ली आहेत. तुझ्या शेडचे सुटे भाग जो करून देतो त्यालाच सांग, पाच मिनिटांचं काम आहे. लेथवर कापलं की कडा काटकोनात येतात. हॅक्सॉनं कापायचं तर पाइपला कागदाची पट्टी गुंडाळ, तिची कड धरून खूण कर आणि मोठ्या माणसाला बरोबर घे. नाकाला रुमाल बांध, पीव्हीसीची पूड छातीत जायला नको.

बाहेरची कड पॉलिश पेपरनं गोल कर. हे टाळू नकोस. शहाबादीच्या सांध्यांत काटकोनी कड अडकते आणि मग परत तेच, गाडी उलटी. मग रिंग चांगल्या गरम पाण्यात मिनिटभर ठेव, ती जराशी मऊ पडते. रबरी टायर दाबून आत सरकव आणि गार होऊ दे. सैल वाटली तर टायरवर इन्सुलेशन टेपचे एक-दोन फेरे देऊन परत घाल.

चारही रिंगा एकाच पाइपच्या हव्यात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या व्यासात फरक पडला तर दोन्ही जोड्या सारख्या भांडत राहतात आणि त्याचा ताण मधल्या शाफ्टवर आणि गिअरवर येतो. दादा रागावेल ते त्यावरून.

आता तुझ्या शेडची एक गोष्ट. लूम असतात तिथं सुताचा भुसा जमिनीवर असतोच. तो चाकाच्या एक्सलभोवती गुंडाळला जातो आणि बेअरिंगच्या तोंडाशी बसतो. बाहेरून दिसत नाही, पण गाडी मंद होते आणि मोटर तापते. दर वेळी खेळून झालं की चाकं काढ आणि चिमट्यानं सूत ओढून काढ. कामगार सुट्टीवर असतील आणि लूम बंद असतील तेव्हाच खेळ, हे सांगायला नको.

रिंगा झाल्या की मला फोटो पाठव. माझ्या वर्कशॉपमध्ये मुलगे येतात. एकाही मुलीनं अजून स्वतःचे टायर केलेले नाहीत, तू पहिली होशील.

गणपतीला गावी येतोय. पुतण्यासाठी इथून ड्रिफ्ट गाडी आणायची आहे. बॅटरी विमानातून आणू देतात का? (एक वाचक, शारजा)

सुटी लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेत आणता येते, चेक-इनच्या बॅगेत नाही. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सहसा अडवत नाहीत. हिशेब सोपा आहे : व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. ७.४ व्होल्ट, ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे ७.४ गुणिले ५, ३७ वॉट-अवर. प्रत्येक बॅटरीच्या तोंडाला टेप लावून ती वेगळ्या पिशवीत ठेवा, पूर्ण चार्ज करून आणू नका, आणि तुमच्या विमान कंपनीचा नियम निघण्याआधी वाचून घ्या.

पण मी तुमच्या जागी असतो तर बॅटरी इथंच घेतली असती. तिकडून आणण्यासारखं वेगळं आहे : पुढच्या आर्मच्या दोन जोड्या, एक जादा सर्व्हो, दोन-तीन जातींचे ड्रिफ्ट टायर आणि रंग न दिलेली पारदर्शक बॉडी. बॉडीला आतून रंग द्यायचा असतो, पॉलिकार्बोनेटचा खास रंग लागतो. काका-पुतण्यांनी मिळून ते करावं. अशा बॉडीवरच्या रंगाचा वास लवकर जात नाही, गच्चीवर बसा.

एस.टी.त बत्तीस वर्षं ड्रायव्हर होतो. आता निवृत्त. नातवाची ड्रिफ्ट गाडी चालवायला घेतो. गाडी माझ्यापासून लांब जाते तेव्हा ठीक, माझ्याकडे तोंड करून आली की डावं-उजवं उलटं होतं आणि ती भिंतीत जाते. नातू हसतो. वयाचा दोष समजून सोडून द्यावं का? (एक वाचक, मिरज)

मुळीच सोडू नका. हे प्रत्येकाचं होतं, नातवाचंही झालेलं असणार. तुम्हाला तर ते जास्त जाणवणार, कारण बत्तीस वर्षं तुमचं डावं आणि गाडीचं डावं एकच होतं. ती सवय तुमची कमाई आहे, ती तोडायची नाही. तिच्याभोवतून रस्ता काढायचा.

आमच्याकडे एक रीत आहे. गाडी समोर न ठेवता स्वतःभोवती फिरवायची. मोकळ्या जागेच्या मध्यभागी उभे राहा, गाडी तुमच्याभोवती दोन-तीन फुटांवरून गोल फिरू द्या आणि तिच्याबरोबर तुम्हीही पाय उचलत वळत राहा. अशी फिरताना गाडी कधीच तुमच्या तोंडावर येत नाही, तुम्हाला सतत तिची एकच बाजू दिसते आणि डावं-उजवं पलटत नाही. दहा-बारा फेऱ्यांनी चक्कर येईल, तेव्हा थांबून उलट दिशेनं फिरा. दोन-तीन दिवसांत बोटाला थ्रॉटल कळायला लागेल. मग रोज एक पाऊल वर्तुळाच्या कडेकडे सरका. एका दिवशी तुम्ही वर्तुळाच्या बाहेर उभे असाल आणि गाडी क्षणभर तुमच्याकडे तोंड करून येईल, पण तोवर बोटं आपली आपण चालत असतील.

त्या क्षणी डावं-उजवं आठवत बसू नका. मनानं त्या गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसा. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलं तर त्याला कल्पना करावी लागते. तुम्ही तिथं बत्तीस वर्षं बसला आहात.

आणखी एक गोष्ट तुमच्याजवळ आहे जी आमच्या कुणाजवळ नाही. पावसाळ्यात घाटात लाल मातीचा राडा रस्त्यावर आला की गाडीचा मागचा भाग सुटतो, हे तुम्ही अनुभवलं असणार. तेव्हा तुम्ही काय करत होता? मागचा भाग जिकडे सुटला तिकडेच स्टेअरिंग हलकेच द्यायचं, ब्रेक दाबायचा नाही, घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही. आमची पोरं सहा महिने घासून हेच शिकतात. जपानच्या घाटरस्त्यांवर ज्यांनी ड्रिफ्टला नाव मिळवून दिलं त्या केइची त्सुचिया यांचं कसबही याच जागी होतं. फरक एवढाच, घाटात तुम्ही ती घसरण लवकर संपवायला बघत होता, इथं ती लांबवायची आहे. नातवाला हे एकदा बसवून सांगा, तो हसायचा थांबेल आणि पुढच्या रविवारी तुम्हाला बरोबर घेऊन जाईल.

गाडीत जायरो असेल तर गेन थोडा वाढवून घ्या, आणि थ्रॉटलची मर्यादा निम्म्यावर आणा. नातवाला ती हळू वाटेल, तुमच्यासाठी वेगळी सेटिंग ठेवायला सांगा, बऱ्याच रिमोटमध्ये दोन-तीन गाड्यांच्या नोंदी साठवता येतात. उभं राहून पाय दुखले तर फिरत्या खुर्चीवर बसूनही तो गोल शिकता येतो, आमचे एक गिऱ्हाईक तसंच शिकले.

गोल जमला की मध्ये तुमच्याऐवजी पाण्याची बाटली ठेवा आणि तिच्याभोवती फिरवा. मग दोन बाटल्या दोन-अडीच मीटरवर ठेवून इंग्रजी आठचा आकडा. बाटल्या निम्म्या भरून ठेवा. रिकामी बाटली पहिल्याच धक्क्याला लांब उडते आणि दर वेळी उठून आणायला जावं लागतं.